आपला इतिहास कोणाच्या खर्चाने लिहिला जाणार?

विद्यापीठांचे निकाल लागले, की आपल्या वस्त्यांतून पेढे वाटले जातात. कोणाचा मुलगा इंजिनियर होतो, कोणाची मुलगी परिचारिका होते, कोणी बँकेच्या परीक्षेत उत्तीर्ण होतो. ज्या घरात दोन पिढ्यांपूर्वी अंगठा उठवला जात होता, त्या घरात हा आनंद मावेनासा झाला तर त्यात नवल ते काय? परंतु त्याच वस्तीतील एखादी मुलगी इतिहास विषय घेऊन एम. ए. होते, तेव्हा पेढ्यांबरोबर एक प्रश्नही घरोघर फिरतो : "आता पुढे काय?" तिने संशोधन करण्याची इच्छा बोलून दाखविली, तर प्रश्न अधिक तीक्ष्ण होतो. पाच वर्षे कागद चाळून पोट भरते काय? धाकट्या भावाची फी कोण भरणार?

वाचकहो, हा प्रश्न विचारणारे आईबाप त्या मुलीचे वैरी नव्हेत. हातावर पोट असणाऱ्यांस असा प्रश्न पडणारच. मात्र २०२३ च्या डिसेंबरात राज्याच्या विधिमंडळातही असाच सवाल झाला : पीएच. डी. करून ही मुले काय दिवे लावणार? वस्तीतील बापाचा प्रश्न काळजीतून येतो. विधिमंडळातील प्रश्नास ती सबब नाही. दोघांनाही उत्तर मिळाले पाहिजे, आणि ते केवळ अभिमानाच्या शब्दांत देऊन भागणार नाही. संशोधनासाठी पैसा कोठे आहे, तो कसा मिळवावा आणि तो आपल्यापासून कोठे अडविला जात आहे, हे तुम्हांस ठाऊक झाले, तरच तुमच्या घरातील मुलगी "पुढे काय" या प्रश्नाला निर्भयपणे सामोरी जाईल.

प्रथम एक उदाहरण घेऊ. १९१३ साली बडोदे संस्थानाने एका तरुण पदवीधराला अमेरिकेत शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. त्या बदल्यात परत येऊन दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्याने लिहून दिला होता. त्या तरुणाचे नाव तुमच्या घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. पण त्याने त्या पैशांत काय अभ्यासले, हे किती जणांना ठाऊक आहे? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी बाबासाहेबांनी १९१५ साली जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता प्राचीन भारतातील व्यापार. ९ मे १९१६ रोजी त्याच विद्यापीठातील मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जो निबंध वाचला, तो होता भारतातील जातींची उत्पत्ती, यंत्रणा व वाढ यांविषयी. म्हणजे परदेशी बसून, परक्याच्या ग्रंथालयात, शिष्यवृत्तीच्या पैशावर त्यांनी अभ्यास केला तो भारताच्या इतिहासाचा आणि भारताच्या समाजाचा. पुढे १९४६ साली शूद्रांविषयी आणि १९४८ साली अस्पृश्यांविषयी जे ग्रंथ त्यांनी लिहिले, त्या शोधाची वाट या विद्यार्थिदशेतच सुरू झाली होती. १९५६ साली नागपूरला ज्या निर्णयाने लाखोंच्या आयुष्याला नवे वळण लागले, त्याच्या मागेही इतिहासाचे हे दीर्घ वाचन उभे होते. इतिहासाने पोट भरते काय, असे विचारणाऱ्याने याचा विचार करावा.

आता दुसरी गोष्ट ऐका. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांनी परदेशी जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. २०२२ साली या योजनेच्या नियमावलीत एक कलम घालण्यात आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांवरील संशोधनाला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे ते कलम होते. कारण असे सांगण्यात आले, की या विषयांची साधने आणि जाणकार देशातच विपुल आहेत. त्यासाठी बाहेर जाण्याचे प्रयोजन नाही.

हे कलम १९१३ साली बडोद्यात असते, तर काय झाले असते? प्राचीन भारतीय व्यापारावरचा तो प्रबंध अपात्र ठरला असता. जातींच्या उत्पत्तीवरील तो निबंधही अपात्र ठरला असता. ज्याच्या नावाने आज शासन डझनावारी योजना काढते, त्याच्याच विद्यार्थिदशेतील अभ्यास शासनाच्या नियमात बसत नाही, याहून मोठा विरोधाभास कोणता?

शिवाय साधने सर्व देशातच आहेत, हे म्हणणेही खरे नाही. ईस्ट इंडिया कंपनीची आणि पुढे इंडिया ऑफिसची दफ्तरे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सैन्यभरतीची दारे बंद झाल्यावर १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी भारतमंत्र्याकडे जो अर्ज धाडला, तो साता समुद्रापलीकडील कचेरीच्याच नावाने होता. आपल्या आजोबांनी ज्यांच्याकडे दाद मागितली, त्यांचे कागद जेथे आहेत तेथे नातवाने जाऊ नये, असा हा न्याय! अमेरिकन विदुषी एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीवरील आपला प्रबंध १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पूर्ण केला. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. पण परदेशी विद्यापीठातून आपला इतिहास परदेशी माणसाने अभ्यासावा आणि आपल्या मुलीने अभ्यासू नये, हे कोणत्या बुद्धीला पटेल?

या कलमाविरुद्ध बोलणे हे आपले कर्तव्य आहे, आणि त्याविषयी आम्ही शेवटी लिहू. परंतु एक दार बंद आहे म्हणून सारा वाडाच बंद आहे, असे समजून घरी बसणे ही मोठीच चूक ठरेल. इतर दारे आहेत. ती कोणती, हे आता क्रमाने पाहू.

पहिले दार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेट परीक्षेचे. ही परीक्षा वर्षातून दोनदा, जून व डिसेंबर या सत्रांची म्हणून होते. अनुसूचित जातींच्या उमेदवारास एम. ए. ला पन्नास टक्के गुण पुरतात. वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होणाऱ्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जे. आर. एफ., मिळते. त्यासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा तीस वर्षे असून अनुसूचित जातींना आणि स्त्रियांना तीत पाच वर्षांची सवलत आहे. १ जानेवारी २०२३ पासून हिचा दर पहिली दोन वर्षे दरमहा सदतीस हजार रुपये आणि पुढे बेचाळीस हजार रुपये असा आहे, घरभाडे वेगळे. कारकुनाच्या पहिल्या पगाराहून ही रक्कम कमी नाही, हे "संशोधनाने पोट भरते काय" असे विचारणाऱ्या आईबापांना जरूर सांगा. २०२४ पासून नेटचे गुण पीएच. डी. च्या प्रवेशासाठीही धरले जातात. म्हणून एम. ए. च्या दुसऱ्या वर्षापासूनच या परीक्षेची तयारी करणे हे प्रत्येक विद्यार्थ्याचे पहिले काम होय.

दुसरे दार राष्ट्रीय अनुसूचित जाती अधिछात्रवृत्तीचे. २००५-०६ साली राजीव गांधी यांच्या नावाने ही योजना सुरू झाली. तीत दरवर्षी दोन हजार नव्या जागा असतात आणि निवड नेटच्या आधारे होते. ज्यांचे जे. आर. एफ. थोडक्यात हुकते, त्यांच्यासाठी ही मोठी आशा आहे.

तिसरे दार आपल्या राज्याचे. पुण्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, जिला आपण बार्टी म्हणतो, ती महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या पीएच. डी. विद्यार्थ्यांना बाबासाहेबांच्या नावाची अधिछात्रवृत्ती देते. ही अधिछात्रवृत्ती सहज हाती पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. २०२३ साली याच अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थी मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसून होते.

चौथे दार इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. दिल्लीची भारतीय इतिहास अनुसंधान परिषद १९७२ पासून, आणि भारतीय सामाजिक विज्ञान अनुसंधान परिषद १९६९ पासून काम करीत आहे. दोन्ही परिषदा पीएच. डी. करणाऱ्यांस अधिछात्रवृत्ती देतात. इतिहास परिषद दफ्तरखान्यांच्या दौऱ्यासाठी अभ्यास अनुदानही देते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात महिनाभर बसायचे, तर राहण्याखाण्याचा खर्च येतो. तो मागण्याचे हे ठिकाण होय.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पाहावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना २००३ पासून असून वर्षाला पंच्याहत्तर जागा आहेत. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. याखेरीज ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनचे सोआस येथे भारतीय विद्यार्थ्यांसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. ती गुणवत्तेबरोबर आर्थिक गरजही पाहते. दोन वर्षे नोकरी केलेल्यांसाठी ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. इनलॅक्स प्रतिष्ठान मानव्यविद्यांनाही साहाय्य करते. भारतातच पीएच. डी. करीत असलेल्यास काही महिने अमेरिकेत जाऊन संशोधन करण्यासाठी फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्ती आहे. तर इंग्लंडमधील ग्रंथालये व दफ्तरे अल्पकाळ पाहून येण्यासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट अनुदान देतो. लंडनचे कागद पाहण्याची वाट केंद्राच्या कलमाने अडविली असली, तरी ती या आडवाटेने मोकळी आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. अमेरिकेतील अनेक मोठी विद्यापीठे पीएच. डी. साठी ज्या विद्यार्थ्याला घेतात, त्याची फी स्वतःच माफ करतात आणि अध्यापनात मदत करण्याच्या बदल्यात निर्वाहवेतन देतात. तेथे वेगळी शिष्यवृत्ती शोधावी लागत नाही. प्रवेश हीच शिष्यवृत्ती असते. बहुतेक अर्ज डिसेंबर-जानेवारीपर्यंत करावे लागतात. अर्जाची फी जड वाटत असेल, तर ती माफ करण्याची विनंती करता येते. विनंती करण्यात कमीपणा कसला?

एक दार मात्र आता बंद झाले आहे, हे वडीलधाऱ्यांनी लक्षात घ्यावे. अल्पसंख्याकांसाठी असलेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बौद्धांनाही मिळत असे. २०२२-२३ पासून ती नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद करण्यात आली. तिच्या भरवशावर कोणी थांबू नये.

आता कागदपत्रांविषयी, कारण आपल्या मुलांची निम्मी दारे तेथेच बंद होतात. नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हे लक्षपूर्वक वाचावे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींची व्याख्या हिंदूंपुरती ठेवली होती. महाराष्ट्राने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या. पण केंद्राने बौद्धांचा समावेश करावयास १९९० साल उजाडले. धर्मांतरानंतरची ती चौतीस वर्षे केंद्राच्या दप्तरी आपला विद्यार्थी अनुसूचित जातीचा नव्हता! हा हक्क इतक्या उशिरा आणि इतक्या झगड्याने मिळाला आहे. तो एका चुकीच्या कागदापायी गमावू नका. केंद्राच्या योजनेसाठी प्रमाणपत्रावर केवळ "बौद्ध" असे लिहून भागत नाही. मूळ अनुसूचित जातीचे नाव आणि बौद्ध धम्माचा स्वीकार, या दोन्हींची नोंद असलेले विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते.

येथे अनेकांचे मन दुखते, हे आम्ही जाणतो. जे नाव आम्ही नागपूरच्या मैदानावर टाकून आलो, ते पुन्हा कागदावर का लिहावे, असे तरुण विचारतात. त्यांस आमचे सांगणे एवढेच, की हे प्रमाणपत्र तुमची ओळख सांगत नाही. तुमच्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची ती शासनदरबारी नोंद आहे. जखमेचा दाखला वैद्याला दाखविल्याने कोणी जखमेचा गुलाम होत नाही. म्हणून जातीचा दाखला, त्याची वैधता, अधिवासाचा दाखला आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, एवढे कागद मुलगी एम. ए. च्या पहिल्या वर्षात असतानाच काढून ठेवा. जाहिरात निघाल्यावर तहसील कचेरीत धावणाऱ्याची मुदत रांगेतच संपते.

मुलींच्या आईबापांना आणखी एक सांगणे आहे. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच. डी. साठी सामान्यतः सहा वर्षांची मुदत आहे. स्त्रियांना तीत दोन वर्षांची जादा सवलत असून प्रसूती व बालसंगोपनासाठी दोनशे चाळीस दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्न झाले म्हणून प्रबंध सोडला, असे यापुढे कोणाच्या घरी घडू नये. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून, चळवळीतील स्त्रियांना बोलते करून १९८९ साली "आम्हीही इतिहास घडवला" हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी तो लिहिला नसता, तर आपल्या किती आज्या निनावीच गेल्या असत्या! तुमच्या घरातही अशी एखादी आजी आहे. जुन्या "जनता"चे आणि "प्रबुद्ध भारत"चे अंक कोणाच्या तरी माळ्यावर वाळवी खात आहेत. गिरणगावच्या चाळींतील समता सैनिक दलाच्या आठवणी दरवर्षी एकेका म्हाताऱ्याबरोबर चितेवर जात आहेत. हा दफ्तरखाना सरकारने उघडलेला नाही, आणि तो फार काळ टिकणारही नाही.

आता शेवटचा मुद्दा. शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि ती हातात पडणे, यांत पुष्कळ अंतर असते. हप्ते महिनोन्‌महिने येत नाहीत आणि विद्यार्थी खानावळीची उधारी करून दिवस काढतात. बाबासाहेबांनाही हे चुकले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून यावे लागले. १९२० साली ते परत गेले, ते सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिलकीत टाकलेल्या पैशांवर, राजर्षी शाहू छत्रपतींच्या साहाय्यावर आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या कर्जावर. त्या मधल्या तीन वर्षांत त्यांना कोणी हात दिला नसता, तर?

आज हा हात आपण द्यावयाचा आहे. प्रत्येक विहाराने जयंतीच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढावी. तिचा विनियोग मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकावर करू नये. परीक्षेची फी, पारपत्र, दफ्तरखान्यापर्यंतचा प्रवास आणि हप्ता रखडला तर दोन-तीन महिन्यांचा निर्वाह, एवढ्यासाठी ती ठेवावी. रक्कम परत आली, की दुसऱ्याला द्यावी. वर्षाला एका विद्यार्थ्याला जरी ती उपयोगी पडली, तरी त्या दानाचे सार्थक झाले. विहाराच्या फलकावर पूजेच्या वेळांबरोबर नेट, बार्टी आणि परदेश शिष्यवृत्ती यांच्या मुदतीही लिहाव्यात. ज्यांना संगणकावर अर्ज भरता येत नाही, त्यांच्याजवळ वस्तीतील शिकलेल्या मुलाने रविवारी तासभर बसावे.

आणि २०२२ च्या त्या कलमाविरुद्ध प्रत्येक संस्थेने सामाजिक न्याय मंत्रालयाकडे ठराव पाठवावा; आपल्या खासदाराला त्याचा जाब विचारावा. आमची मागणी अवास्तव नाही. एकशे पंचवीस जागांच्या त्या योजनेत कोणी कोणता विषय घ्यावा, हे विद्यार्थ्याच्या बुद्धीवर आणि विद्यापीठाच्या परीक्षेवर सोडावे. आपल्या मुलांनी यंत्रे शिकावीत, वैद्यक शिकावे. त्याला आमचा मनापासून पाठिंबा आहे. पण आपण कोण होतो आणि कसे उठलो, हे लिहिण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हवाली करून आपण स्वतंत्र झालो असे म्हणता येणार नाही.

तेव्हा, वाचकहो, यंदा तुमच्या वस्तीतील कोणी मुलगी इतिहास घेऊन एम. ए. झाली असेल, तर तिला पुन्हा "आता पुढे काय?" असे विचारा. पण या वेळी विचाराल तेव्हा तुमच्या हातात परीक्षेच्या अर्जाची फी असू द्या.

जयभीम!